अँटवर्पचे पंजे काँगोतून आलेले नाहीत

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला बेल्जियममधल्या अँटवर्प शहरावरचा लेख वाचला. शहराच्या मानचिन्हावरचे दोन पंजे ही काँगोतल्या अत्याचारांची खूण, असं लेखकाने बेधडक लिहून टाकलं आहे. हे साफ चूक आहे. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याने काँगो खासगी जहागिरीसारखा राबवला तो 1885 ते 1908 या काळात. किल्ला आणि पंजे हे चिन्ह मात्र मध्ययुगापासूनचं आहे. किल्ला शेल्डे नदीकाठचा. पंजे दंतकथेतले: जकात न भरणाऱ्या नावाड्यांचे हात तोडणारा अँटिगोन राक्षस, आणि त्याचाच हात तोडून नदीत भिरकावणारा ब्राबो. काही अभ्यासक या पंजांना न्यायदानाच्या अधिकाराची खूण मानतात. काँगोचा इथे संबंधच येत नाही.

माझी मुलगी तिथे राहते. ती पंजाच्या आकाराची, वर बदामाचे काप लावलेली बिस्किटं पाठवते. 1934 मध्ये जोस हाकर नावाच्या ज्यू बेकरने ती ब्राबोच्या कथेवरूनच केली. आमच्या इमारतीतली पोरं त्यांची वाट बघत असतात. काल शेजारच्या वहिनींनी डबा न उघडताच परत आणून दिला. "पेपरात वाचलं हो, असलं मुलांच्या हातात कसं द्यायचं?" मी परोपरीने सांगितलं, पण छापून आलेल्या शब्दापुढे माझं कोण ऐकणार? मुलीला हे कळवायचं कसं, हेच मला सुचत नाही.

काँगोत हात तोडले गेले, हे खरंच आहे. गोळी वाया घालवली नाही याचा पुरावा म्हणून शिपायांना तोडलेले हात दाखवावे लागत. तिथलं रबर अँटवर्पच्याच बंदरात उतरत होतं. 2020 च्या जूनमध्ये याच शहरातल्या एकेरेन भागातून लिओपोल्डचा पुतळा हलवला गेला. यावर सविस्तर लेख छापा, मी आवर्जून वाचेन. त्या माणसांच्या यातनांना खोट्या पुराव्याची गरज नाही.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो ग्रोटे मार्क्ट चौकातल्या ब्राबोच्या कारंज्याचा आहे. येफ लाम्बोने ते घडवलं 1887 मध्ये, म्हणजे लिओपोल्डच्याच काळात. लेखकाचा घोटाळा कदाचित इथेच झाला असेल. पण फोटो वरून इतका कापलात की ब्राबोने उगारलेल्या हातातला पंजाच उडाला! दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर, ठळक अक्षरात छापावी. वहिनींना दाखवायला मला ती हवी आहे.

— एक जुना वाचक, डोंबिवली