तिखट बंद, मग गोड का चालू?

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोठ्या आतड्याच्या सुजेवरचा सल्ला वाचला. तिखट टाळा, तळलेले टाळा, शिळे टाळा. साखरेचे नावही नाही.

आमच्या ह्यांना सहा वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेचाच आजार, निघाला. तेव्हापासून बडोद्यात कुणाकडेही जेवायला गेलो की लोणचे ताटातून उचलतात आणि श्रीखंड दुप्पट वाढतात. ‘आ तो ठंडुं छे,’ इति शेजारीणबाई. शेव-उसळीची तर्री वैरीण, आणि डाळीतला गुळाचा खडा मात्र पथ्याचा!

टेक्सासमधल्या संशोधकांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग माझ्या डॉक्टर भाच्याने मला समजावला. उंदरांना सात दिवस १० टक्के साखरेचे पाणी पाजले. आतड्याला आतून एक बुळबुळीत थर असतो. जंतूंना तो भिंतीपासून लांब ठेवतो. साखरेमुळे हा थरच खाणारे जंतू माजले आणि थर झिजला. मग रसायन देऊन कोलायटिस घडवला, तर तो जास्त चिघळला. नुसत्या साखरेने रोग झाला नव्हता, हेही सांगायला हवे. आणि ज्या उंदरांच्या पोटात जंतूच नव्हते, त्यांचा आजार साखरेने वाढला नाही. म्हणजे साखर नुसती कळ लावते, भांडतात जंतू. आता उंदीर म्हणजे माणूस नव्हे, एवढे मलाही कळते. पण म्हणून दुप्पट श्रीखंड?

वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, हे उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते. म्हणजे सुमारे सहा छोटे चमचे. ह्यांचा चहा दिवसातून चारदा, कपाला दोन चमचे. तिथेच आठ झाले. छुंदा, म्हणजे कैरीचे गोड लोणचे, आणि डाळीतला गूळ वेगळाच. मी चमचे मोजू लागले तर ‘गुळात लोह असते’ म्हणून मलाच सुनावले. आतड्यातल्या जंतूंना त्या लोहाचे काय कौतुक!

आता कपाला अर्धा चमचा. गोळ्या चालूच आहेत, त्यामुळे सध्याचा आराम कशाचा, हे मी छातीठोक सांगणार नाही.

पुढच्या वेळी हा विषय घ्याल तेव्हा साखरेला दोन ओळी द्याव्यात. शेजारीणबाईंना कात्रण दाखवायचे आहे. माझे तोंडी सांगणे त्या ऐकत नाहीत.

– एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, बडोदे