टोक नसलेली एरियल

जालना
१४ डिसेंबर

प्रिय शमू,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरचं हाताने लिहिलेलं नाव बघून हिने विचारलं, "कुणाकडे लग्न आहे?" टपालाने आता फक्त पत्रिकाच येतात ना. व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकायच्या सोडून तू चार पानं लिहिलीस, म्हणून मीही पेन शोधलं. अक्षर लागलं नाही तर सूनबाईंकडून वाचून घे.

तर तुमच्या चर्चच्या तरुण संघाच्या पोरांना रेडिओ काढायचाय. दिवसभर भजनं, पदं, नवी गीतं, नाताळात कॅरल. आणि तू छातीठोकपणे सांगून बसलास की माझा दोस्त क्विटोच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरच्या राजधानीतल्या, रेडिओ स्टेशनची सगळी कुंडली मांडेल. लेका, मी पस्तीस वर्षं टेलिफोनच्या केबल जोडल्या, स्टेशन काढलं नाही. पण क्विटोचं म्हणशील तर तोंडपाठ आहे. का आहे, ते तुला ठाऊक आहे.

आधी कायद्याचं उरकतो, म्हणजे पोरं उगाच ट्रान्समीटरच्या किमती काढत बसणार नाहीत. खासगी एफएमचा परवाना आपल्याकडे धार्मिक संस्थेला मिळत नाही. सामुदायिक रेडिओ २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना खुला झाला, पण अर्ज करणारी संस्था नोंदणी होऊन काही वर्षं झालेली हवी, ताकद १०० वॅटची, आणि कार्यक्रम त्या भागातल्या सगळ्या लोकांच्या कामाचे हवेत. नुसतं 'आमच्या मंडळीचं गाण्यांचं स्टेशन' त्यात बसत नाही. राहिला इंटरनेट. तो करा. एक बरा माईक, एक लॅपटॉप, एवढ्यात होतं. पण पोरांना विचार, ऐकणार कोण? क्विटोवाल्यांची सगळी गोष्ट या एका प्रश्नाची आहे.

गोष्ट क्विटोत सुरूही होत नाही. सुरू होते शिकागोत, १९२२ च्या जूनमध्ये, सिटी हॉलच्या गच्चीवर. पॉल रेडर नावाचा एक प्रवचनकार आपले चार पितळी वाद्यं वाजवणारे घेऊन वर गेला. त्यात एक ट्रॉम्बोनवाला होता, क्लॅरेन्स जोन्स, मुक्तिफौजेतल्या (साल्व्हेशन आर्मीतल्या) आईबापांचा मुलगा. वर स्टुडिओ म्हणजे काय, तर फळ्या ठोकून केलेलं खोकं, त्याच्या एका बाजूला भोक. आत गेल्यावर त्यांना सांगितलं गेलं की वाद्यांची तोंडं त्या भोकाकडे करा आणि खूण केली की वाजवा. भोकात टेलिफोनसारखा एक माईक खुपसला. यांनी वाजवलं. समोर माणूस नाही, टाळी नाही, 'वाहवा' नाही. लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या बँडवाल्याला भिंतीकडे तोंड करून वाजवायला सांग, काय म्हणेल तो? जोन्स मात्र त्या भोकाने झपाटला.

पुढे रेडरचे रेडिओ कार्यक्रम तोच सांभाळायचा. मग त्याच्या मनाने घेतलं की दक्षिण अमेरिकेत स्टेशन काढायचं. १९२८ साली तो जागा शोधत फिरला. व्हेनेझुएला, कोलंबिया, पनामा, क्युबा. कुठेही परवाना मिळाला नाही. हात हलवत घरी आला. इक्वाडोर त्याच्या यादीतही नव्हता. तिथे काम करणारा रूबेन लार्सन त्याला भेटला आणि म्हणाला, आमच्याकडे या. जाणकारांनी वेड्यात काढलं. एक तर विषुववृत्त, त्यात चहूकडे डोंगर, रेडिओला याहून वाईट जागा नाही म्हणाले. क्विटो समुद्रसपाटीपासून २,८५० मीटरवर आहे. कळसूबाईच्या डोक्यावर जवळजवळ आख्खं महाबळेश्वर ठेवलंस तर तिथे पोचशील. पण १९३० मध्ये तिथल्या सरकारने चक्क २५ वर्षांचा परवाना दिला.

आणि १९३१ च्या नाताळच्या दिवशी एचसीजेबी, म्हणजे हेच क्विटोचं स्टेशन, हवेत गेलं. ताकद किती, तर २०० वॅट! आपल्या लहानपणीचे शंभराचे दोन बल्ब. ट्रान्समीटर मेंढ्यांच्या गोठ्यात, एरियलची तार निलगिरीच्या दोन खांबांना ताणलेली, आणि स्टुडिओ म्हणजे जोन्सच्या घराची बैठकीची खोली. बायको कॅथरीन ऑर्गनवर, नवरा ट्रॉम्बोनवर. तुमच्याकडे नाताळात गोठा लागतोच, यांनी त्यात ट्रान्समीटर ठेवला, असं तुझे अण्णा म्हणाले होते. आठवतं? मला तेव्हा विनोद कळला नव्हता, तू का हसतोयस म्हणून मी तुझ्याकडे बघत होतो.

नावाचं कोडंही तेव्हा अण्णांनीच सोडवलं होतं. 'एचसी' ही इक्वाडोरच्या स्टेशनांची ठरलेली अक्षरं, पुढची दोन त्यांनी अशी जुळवली की स्पॅनिशमध्ये 'ओय क्रिस्तो हेसूस बेन्दीसे' व्हावं. म्हणजे आज ख्रिस्त येशू आशीर्वाद देतो.

आता गंमत बघ. स्टेशन निघालं तेव्हा त्या अख्ख्या देशात रेडिओ सेट होते बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे परत तेच, भोकाकडे तोंड करून वाजवणं. पण हे लोक नुसतं वाजवत बसले नाहीत, हे मला त्यांचं आवडतं. सुरुवातीच्या काही महिन्यांतच स्पॅनिशबरोबर केचुआत बोलायला लागले, म्हणजे डोंगरातल्या लोकांच्या स्वतःच्या भाषेत. पुढे एकाच स्टेशनवर बांधून ठेवलेले स्वस्त सेट स्वतः बनवून खेड्यापाड्यांत दिले. काटा फिरवायचा प्रश्नच नाही, बटण दाबलं की क्विटो! यात चलाखी आहे म्हणशील, तर आहेच. दुसरं काही ऐकायची सोयच ठेवली नाही. धर्मप्रसारासाठी काढलेलं स्टेशन होतं आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. तुला आठवत असेल, प्रवचन लागलं की मी चहा टाकायला उठायचो आणि गाणी लागली की परत यायचो. पण ऐकणाऱ्याच्या हातात आधी सेट द्यावा लागतो, हे त्यांना कळलं होतं. तुमच्या पोरांना सांग, ज्या आजींना मोबाइलवर लिंक उघडता येत नाही त्यांच्या घरी आधी जाऊन या.

आता ज्यासाठी मी हे पत्र एवढं लांबवलंय ती गोष्ट. एरियलची.

१९४० मध्ये त्यांनी ताकद १०,००० वॅटवर नेली आणि एकाच दिशेला रोख धरणारी नवी एरियल चढवली. आपल्या गच्च्यांवर टीव्हीची असायची तशी, आडव्या दांड्यांची, फक्त अवाढव्य. आणि ती जळायला लागली. खरोखर जळायला. क्विटोची हवा विरळ. दांडीच्या टोकाला विजेचा दाब सगळ्यात जास्त, तो विरळ हवेत फुटून बाहेर पडायचा. पावसाळ्यात हायटेन्शनच्या तारांखालून जाताना 'सूंऽऽ' ऐकू येतं ना, त्याचाच थोरला भाऊ. रात्री दांड्यांच्या टोकांना ज्वाळा दिसायच्या आणि ॲल्युमिनियम वितळून खाली पडायचं. फ्लशच्या टाकीत तरंगतात ते तांब्याचे मोठ्यात मोठे गोळे आणून त्यांनी टोकांना बसवून पाहिले. हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो. आमच्या खात्यातही अडलं की असलंच काहीतरी शोधायचो, सायकलची ट्यूब कापून जॉइंटवर गुंडाळायचो. पण गोळ्यांनीही भागेना.

तिथला इंजिनिअर होता क्लॅरेन्स मूर. (हो, हाही क्लॅरेन्सच. त्या स्टेशनात क्लॅरेन्स नावाच्या माणसाशिवाय पान हलत नसावं.) १९४२ च्या उन्हाळ्यात तो सुट्टीला पोसोर्हा नावाच्या कोळ्यांच्या गावी गेला, तोही पुस्तकांचा भारा काखोटीला मारून. बायकोच्या कपाळावर किती आठ्या पडल्या असतील! तिथे वाळूत, पुस्तकांत डोकं घालून, प्रार्थना करत त्याने विचार केला आणि त्याच्या लक्षात आलं की भांडण टोकाशी आहे. मग टोकच ठेवायचं नाही! तारेचा बंद चौकोन करायचा. एक तरंगलांबी पुरी होईल एवढी तार, प्रत्येक बाजू पाव तरंगलांबीची, आणि असे दोन चौकोन एकामागे एक. टोकच नाही म्हटल्यावर ठिणगी पडणार कुठून? परत येऊन बांधली, आणि जळणं थांबलं.

शमू, ही 'क्वाड' एरियल आज जगभरचे हॅमवाले, म्हणजे हौशी रेडिओवाले, वापरतात. मूरने पेटंट घेतलं, पुढे अमेरिकेत जाऊन इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला कंपनी काढली, तीच नंतर क्राउन झाली. मोठमोठ्या जलशांत तिचे ॲम्प्लिफायर दिसतात. आमच्या इथल्या डीजेवाल्याकडेही एक आहे, त्याने गणपतीत माझी झोप घालवली तेव्हा मी मूरलाच दोन शब्द ऐकवले.

बाकीचं भराभर सांगतो. शहराबाहेर पिफोला एरियलींचं मोठं शेत उभं राहिलं. वीज पुरेना तेव्हा पापायाक्ताला स्वतःचं जलविद्युत केंद्र काढलं. क्विटोत दवाखाना काढला, इक्वाडोरात पहिल्यांदा टीव्ही दाखवला तोही यांनीच. १९८१ मध्ये ५०० किलोवॅटचा ट्रान्समीटर लावला. दोनशे वॅटचे पाच लाख झाले, पन्नास वर्षांत. आणि मग २००९ च्या सप्टेंबरअखेर पिफो बंद. क्विटोचा नवा विमानतळ जवळच ताबाबेलाला होणार होता, विमानांच्या वाटेत मनोरे नकोत. शॉर्टवेव्ह, म्हणजे देशोदेशी पोचणारा रेडिओ, ऐकणारेही तोवर उरले होते किती? आपणच सोडून दिलं होतं. स्टेशन मात्र मेलं नाही. क्विटोत एफएमवर ८९.३ ला लागतं, गावातल्या लोकांसाठी. म्हणजे बैठकीच्या खोलीतून निघालं, जगभर फिरलं आणि परत गावात येऊन बसलं. मला हे वाईट वाटत नाही.

आता तुझ्या पत्रातला तो शेवटचा प्रश्न, 'आपण ते नक्की ऐकलं होतं ना? पोरांना खरं वाटत नाही.'

ऐकलं होतं. १९८० चा डिसेंबर. अण्णांचा तो व्हॉल्व्हचा सेट, तापायलाच दोन मिनिटं घ्यायचा. तुझ्या घराच्या पत्र्यावरून शेजारच्या चिंचेपर्यंत आपण तार ताणली होती आणि मी फांदीवरून पडून ढोपर फोडून घेतलं होतं. पहाटेचे तीन, नगरची थंडी, दोघांत एक घोंगडी. २५ मीटरच्या पट्ट्यात मी काटा केसभर केसभर सरकवतोय, तू कान स्पीकरला लावून बसलायस. खरखर, मॉस्को, परत खरखर. मग लांबून कुणीतरी विहिरीतून बोलतंय असा आवाज, आणि त्याच्या मागे कॉयर. आवाज चढायचा, बुडायचा, परत चढायचा. मला एक शब्द कळत नव्हता. आणि तू घोंगडी फेकून उठलास, "अरे, ही आमची चाल आहे!" आणि त्या कॉयरबरोबर मराठी पद म्हणायला लागलास. आवाज बुडाला की तू पुढे म्हणत राहायचास, आणि तो परत वर आला की बरोबर तुझ्याच ओळीवर असायचा. आतून आई ओरडल्या, "शमू, देवाचं नाव दिवसा घे!"

स्टेशनला रिपोर्ट पाठवायचा तर काय ऐकलं त्याचा पुरावा लिहावा लागतो. आवाजाचे आकडे मी टाकले. सिन्पो (आवाज कसा आला ते सांगणारे पाच आकडे) ३४२३३, आणि त्यातला ४ मी थोडा वाढवूनच टाकला होता, हे आज कबूल करतो. पण आकडे कुणीही टाकेल. आपला खरा पुरावा ते गीत होतं, आणि ते तू ओळखलं होतंस. मला त्याचं इंग्रजी नावही माहीत नव्हतं. अण्णांकडून इंग्रजी गीतांचं पुस्तक आणून तू ते शोधून दिलंस. टपालाचे पैसे अर्धे अर्धे घातले. आणि पाकीट लिहिताना मी खाली फक्त माझं नाव टाकलं. तू म्हणालास, चालतंय, तुझं अक्षर बरं आहे.

अडीच महिन्यांनी स्टेशनकडून ऐकल्याच्या पावतीचं कार्ड आलं, माझ्या नावावर. ते मी पंचेचाळीस वर्षं जपलं. जालन्याला बदली झाली तेव्हा कपाटं गेली, पुस्तकं गेली, कार्ड आलं. लोकांना दाखवताना मी नेहमी 'मी ऐकलं' असंच म्हणत आलो. तुझं पत्र वाचल्यावर त्या रात्री बाहेर काढलं आणि मागची बाजू बघितली. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, माझं नाव, आणि खाली कुणीतरी निळ्या शाईने एक ओळ लिहिलीय, गीत ओळखल्याबद्दल आनंद वाटला म्हणून.

कार्ड या पत्रासोबत आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलंय, पाकीट फाडताना बेताने. पोरांना दाखव. आणि परत पाठवू नकोस.

आईंना नमस्कार. नाताळात करंज्या पाठवणार असशील तर कुरियरने पाठव, टपालाने त्यांचा भुगा होतो.

तुझाच,
वसंता

ता.क. पोरांनी काही सुरू केलं तर पहिल्या दिवशी ते पद लावा आणि मला आधी वेळ कळव. या खेपेला रिपोर्ट दोघांच्या नावाने लिहीन.