मग व्हिएतनामनं काय करायला हवं होतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं, की परवानगीशिवाय दुसऱ्याच्या देशात सैन्य घुसवणं बेकायदाच, म्हणून चूकच. बेकायदा आहे हे मान्य, युनोच्या सनदेत कलम २(४) मध्ये तसंच आहे, स्वसंरक्षण किंवा सुरक्षा परिषदेची मंजुरी एवढेच अपवाद. पण ते 'म्हणून' मला काही केल्या पटत नाही.

दोन वर्षांपूर्वी ग्रुप टूरने कंबोडियाला गेलो होतो, अंकोरवाट बघायला. राजधानी नॉम पेन्हला तुओल स्लेंग दाखवलं, म्हणजे ख्मेर रूजचा, पोल पॉटच्या कम्युनिस्ट राजवटीचा, तुरुंग. ती आधी शाळा होती हो! वर्गांत विटांच्या ओबडधोबड भिंती घालून कोठड्या केल्यात, पाय पसरून झोपताही येणार नाही एवढ्या, आणि पटांगणात व्यायामाची उंच लाकडी चौकट आहे तिला कैद्यांना टांगायचे. मी ३१ वर्षं शाळेत शिकवलंय, मला त्या वर्गात उभं राहवेना.

ख्मेर रूजच्या पावणेचार वर्षांत साधारण १७ लाख माणसं गेली, उपासमारीनं, राबून, मारून. ते थांबवलं व्हिएतनामच्या सैन्यानं, डिसेंबर १९७८ मध्ये आत घुसून. ७ जानेवारी १९७९ ला नॉम पेन्ह पडलं. आणि त्याच वर्षी युनोच्या आमसभेनं ७१ विरुद्ध ३५ मतांनी कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्याच लोकांकडे ठेवली. मला याची अजून चीड येते.

व्हिएतनाम धुतल्या तांदळासारखा होता असं नाही, ख्मेर रूज सीमेवर त्यांची गावं कापत होते म्हणून ते गेले आणि नंतर आपलं सरकार बसवून १९८९ पर्यंत तिथंच राहिले, त्या दहा वर्षांची बाजू मी घेणार नाही. पण मंजुरी असली की सगळं नीट होतं असंही नाही, २०११ ला लिबियात सुरक्षा परिषदेचा ठराव होता, नागरिकांना वाचवायचा, तो गडाफीला हटवेपर्यंत ताणला आणि पुढं त्या देशाची काय दशा झाली ते दिसतंच आहे.

आणि आपलं १९७१? तेव्हा आमसभेत १०४ देशांनी युद्धबंदी करा, सैन्य मागं घ्या म्हणून मत दिलं, विरोधात फक्त ११. आपण थांबलो नाही, पण मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य बांगलादेशातून परत आलं. माझं म्हणणं एवढंच आहे की नरसंहार चालू असताना आत जाणाऱ्याला सरसकट गुन्हेगार ठरवू नका, बाहेर कधी पडणार ते त्याच्याकडून आधी लिहून घ्या आणि युनोनं त्यावर देखरेख ठेवावी.

त्या वाचकांनी डिसेंबर १९७८ बद्दल जरूर लिहावं, मी वाट बघतोय.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा