मिस्तरीकाका, गटाच्या सगळ्या बायांकडून आभार

आदरणीय मिस्तरीकाका,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आधी बाया घरूनच कणीक, साखर, डालडा घेऊन येतात आणि आमच्याकडून बिस्किटं भाजून नेतात, हे तुम्हाला काय सांगायचं! दुसऱ्याच्या घरचं सामान आपल्या भट्टीत जळालं की पैसे देऊनही तोंड दाखवायची सोय राहत नाही. नेमका त्याच गर्दीत आमचा इलेक्ट्रिक ओव्हन बिघडला. २०० अंशांवर लावला तरी आकडा २४० च्या पुढे. नानकटाई वरून पांढरीफटक, खालून कोळसा.

तुम्ही येण्याआधी सल्ले भरपूर मिळाले होते. ज्यांच्याकडून ओव्हन घेतला त्यांनी फोनवरच निकाल देऊन टाकला, उष्णता सांभाळणारा कंट्रोलर गेला, नवा घ्या. आणखी एकानं भट्टीतली उष्णता मोजणारा सेन्सर बदलायला सांगितलं. पॅनलचं झाकण मात्र कुणीच उघडलं नव्हतं. तुम्ही शेतीपंपाच्या मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करणारे, तुम्हाला बेकरीचं काय कळणार, म्हणून आमच्यातल्या दोघी कुरकुरल्याही होत्या. आता त्याच दोघी तुमचं नाव सगळ्यांत जास्त घेतात.

आल्या आल्या तुम्ही पेचकस काढला नाही. विचारलंत, "जळते कोणत्या बाजूनं? सकाळच्या खेपेले का संध्याकाळच्या?" भट्टीसमोर आम्ही उभ्या राहतो, पण आम्हाला हे विचारावं असं तोवर कुणाला वाटलं नव्हतं. खालून जळतं, आणि संध्याकाळी पॅनलमध्ये खडखड वाजतं, असं आम्ही सांगितलं. त्या खडखडीचं ऐकून तुम्ही नुसतं "हं" म्हणालात.

मग तुम्ही वेगळं थर्मामीटर ट्रेशेजारी ठेवलं. तेही कंट्रोलरएवढंच दाखवत होतं. कंट्रोलरवरचा हीटरचा दिवा विझलेला, तरी आकडा चढतच होता. तुम्ही म्हणालात, "हा तं खरंच सांगून राह्यला, अन् बंद कर म्हणून हुकूमही देऊन राह्यला. ऐकून कोण नाही राह्यलं, ते पाहू." आम्हाला कारण कळलं ते याच वाक्यानं. दिवा बंद असताना तारेभोवती धरून करंट मोजायचा टाँग टेस्टर लावला, तर दोन फेजमध्ये शून्य आणि एकात अकरा-बारा अँपिअर. आमचा ओव्हन ९ किलोवॅटचा, फेजमागे ३. खालचे हीटर नेमके त्याच एका फेजवर, म्हणजे ते बंदच होत नव्हते.

मेन स्विच पाडून, वीज उरली नाही याची टेस्टरनं खात्री करून तुम्ही मीटरनं कॉन्टॅक्टर, म्हणजे कंट्रोलरच्या हुकमानं हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, तपासलात. दोन संपर्क उघडे, तिसरा वितळून चिकटलेला. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला (संपर्क ओढून जोडणाऱ्या चुंबकाला) धड ओढायला २३० च्या ८५ टक्के, म्हणजे १९५ व्होल्टच्या आसपास तरी लागतात. संध्याकाळी तुमच्या मीटरवर दिसले १८०. कपाशी-हरभऱ्याच्या ओलिताला सगळ्या शिवारातले पंप एकदम सुरू होतात तेव्हा दुसरं काय दिसणार! कॉइल अर्धवट ओढते, सोडते, पुन्हा ओढते. तीच खडखड. दर वेळी ठिणगी पडते आणि संपर्क जळत जातात. "पंपाच्या स्टार्टरात हेच होते," तुम्ही म्हणालात, आणि कुरकुरणाऱ्या दोघी गप्प झाल्या.

संपर्क घासून पुन्हा बसवा, पैसे वाचतील, असंही कुणी तरी सुचवलं. त्यावरचा चांदीचा थर एकदा गेला की पुन्हा चिकटणार, म्हणून तुम्ही ऐकलं नाही. नवा कॉन्टॅक्टर बसवला आणि त्याच्याच ओळीत दुसराही. तो वेगळ्या थर्मोस्टॅटवर चालतो. २६० झाले की सगळे हीटर बंद, आणि हातानं बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाहीत. हे संरक्षण मुळातच का नव्हतं, हा प्रश्न आम्ही विकणाऱ्यांना विचारणार आहोत. व्होल्टेज घसरलं की कॉन्टॅक्टर सोडणारा रिलेही तुम्ही लावला. त्यामुळे आता संध्याकाळी कधी कधी थांबावं लागतं. पण खडखड गेली.

हिशेब लिहिणारीच्या वहीत तुम्ही लिहून घ्यायला सांगितलं, तेही फार कामाचं. आकडा चढतो आणि दिवा विझलेला, तर कॉन्टॅक्टर बघायचा. आकडा बरोबर आणि माल जळतो, तर सेन्सर, कारण तो जागेवरून मागे सरकला तर कमी उष्णता मोजतो आणि भट्टी तापतच राहते. पॅनल मात्र आम्ही उघडायचं नाही, हेही लिहिलंय, खाली रेघ मारून.

एकच तक्रार आहे. "पेट्रोलचे द्या" म्हणून तुम्ही निघून गेलात. मागच्या बैठकीत मजुरीचा ठराव झाला, रक्कम मांडली, सगळ्यांच्या सह्या झाल्या. खर्चाला तुमची पावती हवी, नाही तर हिशेब जुळत नाही. तेव्हा बाजाराच्या दिवशी येऊन सही करून पैसे घेऊन जा. टोस्टचा डबा त्यात धरलेला नाही, तो वेगळा.

आपल्या,
बेकरीतल्या सगळ्या जणी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ