‘केमेत’ म्हणजे काळी जमीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गिझाच्या पिरॅमिडांजवळ बांधलेल्या नव्या भव्य संग्रहालयाचे १ नोव्हेंबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. त्यानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. संग्रहालयाची माहिती छान दिली आहे. पण इजिप्तचे तरुण ‘अरबपण झुगारून मूळ रक्ताकडे’ निघाले आहेत आणि त्याचे कौतुक व्हायला हवे, हा लेखाचा सूर काही पटला नाही. यजमानांच्या नोकरीमुळे मी सात वर्षे कैरोत संसार केला. त्या मातीचे मीठ खाल्ले आहे, म्हणून राहवले नाही.

फॅरोंच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांच्या, वारशावर राष्ट्र उभारायचा विचार तिथे शंभर वर्षांपूर्वीचा आहे. १९१९ साली राष्ट्रीय नेते साद झगलूल यांच्यामागे देश इंग्रजांविरुद्ध रस्त्यावर उतरला, तेव्हा निशाणांवर चंद्रकोर आणि क्रूस एकत्र होते. मुसलमान आणि कॉप्टिक (तिथलेच जुने) ख्रिस्ती, दोघांनाही आपला म्हणता येईल असा पूर्वज त्या पिढीला हवा होता. १९२२च्या फेब्रुवारीत नावापुरते स्वातंत्र्य मिळाले आणि नोव्हेंबरात तुतनखामेन या फॅरोची कबर सापडली. लोकांना तो पूर्वज डोळ्यांसमोर दिसला.

पण त्या पिढीने आपले प्रतीक म्हणून काय घडवले ते पाहा. शिल्पकार महमूद मुख्तार डेल्टातल्या एका खेड्यातला मुलगा. त्याच्या ‘नहदत मिस्र’, म्हणजे ‘इजिप्तचा पुनर्जागर’, या शिल्पासाठी लोकांनी वर्गणी काढली. आस्वानचा गुलाबी ग्रॅनाइट आणला. १९२८ साली कैरोच्या रेल्वे स्टेशनासमोर ते उभे राहिले. पुढचे पाय रोवून उठू लागलेला स्फिंक्स, आणि त्याच्या माथ्यावर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने चेहऱ्यावरचा पदर दूर सारणारी एक शेतकरी बाई. फॅरो त्यात कुठेच नाही. मी तिच्यासमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला आमच्या गावची, लावणीला कंबर कसून उभी असलेली बाईच आठवली.

वारसा म्हणजे काय, हे मला आमच्या शेजारच्या आजींनी शिकवले. हजला जाऊन आलेल्या, म्हणून सगळे त्यांना ‘हाग्गा’ म्हणायचे. थंडी वाढली की ‘तूबा लागला’, वारे सुटले की ‘आता अमशीर’, असे त्यांचे बोलणे. आपला शेतकरी जसा रोहिणी, मृग, आर्द्रा मोजतो, तसे तिथले शेतकरी हे जुने महिने मोजतात. त्यातला ‘हातूर’ हा हाथोर देवीच्या नावाचा. पाच वेळा नमाज पढणाऱ्या आजींच्या तोंडी ते नाव सहज यायचे. वसंतात शम्म एन-नसीमच्या सणाला त्या फसीख आणायच्या. फसीख म्हणजे खारवून मुरवलेला बोय. डब्याचे झाकण उघडले की अख्ख्या जिन्यात वास! आम्ही कोकणातली माणसे, आमचे काही बिघडले नाही. त्या दिवशी मुसलमान, ख्रिस्ती सगळे नाईलकाठी सतरंज्या टाकून फसीख, कांद्याची पात आणि रंगवलेली अंडी खातात. कुणी कुणाचे रक्त विचारत नाही.

त्या जुन्या विचारातही खोट होती, हे मान्य. ताहा हुसेन यांच्यासारख्या मोठ्या विद्वानाला इजिप्तचे नाते युरोपशी जोडण्याची फार ओढ होती. १९३३ साली निघालेल्या ‘तरुण इजिप्त’ संघटनेची हिरवे सदरे घातलेली पोरे तर फॅरोंच्या साम्राज्याची स्वप्ने पाहू लागली. नंतर राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या काळात काटा दुसऱ्या टोकाला, अरबपणाकडे गेला. १९५८ ते १९७१ या काळात देशाच्या अधिकृत नावात ‘मिस्र’ हा शब्दच उरला नव्हता. आजच्या तरुणांची चीड कुठून येते ते मला कळते.

मात्र त्यांच्यापुढे आता फक्त राजे ठेवले जात आहेत. मुख्तारची बाई १९५५ साली स्टेशनासमोरून हलवून विद्यापीठाकडे नेली आणि तिच्या जागी फॅरो दुसरा रामसेस याचा पुतळा उभा केला. २००६च्या ऑगस्टमध्ये त्या ८३ टनी पुतळ्याला रात्रीतून गिझाकडे नेले, तेव्हा मीही रस्त्याकडेला उभी होते. माणसे निरोप द्यायला यावीत तशी आली होती, माझेही डोळे भरले. २०२१ साली २२ ममींची मिरवणूक निघाली, १८ राजे आणि ४ राण्या. सोहळा देखणा होता, पण त्या थडग्यांसाठी दगड वाहणाऱ्यांची आठवण कुठे होती?

आणि दक्षिणेकडच्या न्युबियाचे लोक? आस्वानच्या धरणासाठी अबू सिंबेलचे देऊळ कापून सुमारे ६५ मीटर वर चढवले, साऱ्या जगाने पैसा दिला. त्याच धरणापायी १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० न्युबियन लोकांना कोम ओम्बोकडे, नदीपासून दूर हलवले. कोयनेच्या धरणग्रस्तांना यावर वेगळे सांगायला नको. सुदानातल्या २०२३च्या युद्धानंतर जीव घेऊन कैरोत आलेल्या लोकांना आज ‘केमेतची लेकरे’ म्हणवणारी काही मंडळी समाजमाध्यमांवर ‘परके’ म्हणून हिणवतात. हे वाचताना जीव तुटतो.

‘केमेत’ हे त्या देशाचे प्राचीन नाव. अर्थ, काळी भूमी. पुराच्या गाळाची, पिकाची जमीन. आपल्याकडे गावाची ‘काळी’ आणि ‘पांढरी’ म्हणतात, त्यातली ही काळी. ती कसणाऱ्याची असते. तिच्या नावाने रक्ताची चौकशी सुरू करणे हा त्या शब्दावरच अन्याय आहे, आणि आपल्यासारख्या जबाबदार दैनिकाने त्याला ‘जागृती’ म्हणू नये.

लेखाचा उत्तरार्ध पुढच्या रविवारी येणार आहे. त्यात तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्याचे छायाचित्र पुन्हा न देता मुख्तारच्या त्या शेतकरी बाईचे द्यावे, एवढी विनंती.

आपली एक जुनी वाचक,
दापोली