रिसर्चचे ऑनलाइन कोर्स बनवणाऱ्यांनो, आधी तालुक्याच्या कॉलेजातलं टेबल पाहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे ग्रंथपाल म्हणजे फक्त पुस्तकं देणं-घेणं नसते, पीएचडीवाल्या सरांचा थिसिस प्लेजरिझमला, म्हणजे मजकुराची चोरी तपासायला, टाकणं, कोणाचा प्रोजेक्ट मंजूर झाला की त्याची फाइल सांभाळणं, मार्च संपला की अकाउंटवाल्या भाऊंसोबत बसून यूसी, म्हणजे मिळालेला पैसा कशावर खर्च झाला याचं प्रमाणपत्र, भरणं हे सगळं आलंच. मोठ्या संस्थांमध्ये या कामाला रिसर्च मॅनेजर म्हणून वेगळा माणूस राहते, संशोधनाला पैसा देणाऱ्या इंडिया अलायन्स या संस्थेने तर 2018 मध्ये अशा लोकांसाठी देशपातळीवर एक उपक्रमही काढला. आपल्या भागातल्या कॉलेजांत ते पदच नाही, काम मात्र पूर्ण आहे आणि ते ज्याच्या टेबलावर येईल त्याने करायचं. हे काम शिकवणारे ऑनलाइन कोर्स आता भरपूर निघून राहिले ही चांगलीच गोष्ट आहे, पण ते बनवताना आमच्यासारख्यांचा विचार झालेला दिसत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या एका तरुण सहकाऱ्याने मागे संशोधनातल्या नीतिमत्तेवरचा एक कोर्स केला. लांबलचक व्हिडिओ, त्यात पीपीटी वाचून दाखवतात, शेवटी टिकमार्कचे प्रश्न, आणि प्रश्न काय तर माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांची हेलसिंकीची घोषणा कोणत्या साली झाली. 1964 हे त्याला पाठ झालं, सर्टिफिकेटही आलं. मग तो एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, पोषणाचा सर्व्हे करायला गेला तर तिथली बाई म्हणे मले वाचता येत नाही, अंगठा देतो. आता कागद कोणी वाचून दाखवायचा, साक्षीदार कोण पाहिजे, जी आशाताई सर्व्हेवाल्यांना घरोघरी घेऊन फिरून राहिली तीच साक्षीदार म्हणून चालते का, आणि सासऱ्याने हो म्हटलं म्हणजे सुनेची संमती झाली का, यातलं एकही त्या कोर्समध्ये नव्हतं. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हा विषय आहे, वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना वाचता येणारा निःपक्ष साक्षीदार हजर पाहिजे आणि माहिती त्या माणसाला समजेल अशा भाषेत दिली पाहिजे. म्हणजे ज्ञान आहे, फक्त कोर्स बनवणाऱ्याने ते पोडापर्यंत आणलं नाही. माझं म्हणणं असं की कोर्सची सुरुवातच या प्रसंगापासून करा. शिकणाऱ्याला सांगा की तुझ्या अभ्यासाचा संमतीचा कागद तुझ्या भाषेत लिही, घरातल्या नाहीतर शेजारच्या कमी शिकलेल्या माणसाला वाचून दाखव, त्याला काय समजलं ते त्याच्याच शब्दात लिहून आण. सालं आणि घोषणा मग आपोआप लक्षात राहतील, कारण त्या कशासाठी झाल्या ते कळलेलं असेल.

यूसीचं तर अजून अवघड आहे. केंद्राच्या पैशातून चालणाऱ्या प्रोजेक्टची यूसी जीएफआर 2017 या केंद्राच्या आर्थिक नियमांमधल्या 12-ए या नमुन्यात द्यावी लागते, आणि प्रोजेक्टच्या पैशावर बँकेत जे व्याज जमा होते ते आपल्याला वापरता येत नाही, सरकारकडे परत भरा लागते. हे न माहीत असल्यामुळे किती जणांनी त्या व्याजात केमिकल नाहीतर झेरॉक्स बसवलेली असते आणि मग पुढचा हप्ता अडकते, प्रोजेक्टवर लावलेल्या पोराचा पगार थांबते, सर ऑफिसवर चिडतात, ऑफिस सरांवर. यात कोणाचीही नियत खराब नसते, कोणी बसून शिकवलंच नाही एवढंच. अशा ठिकाणी नियमांची यादी वाचून दाखवणारा व्हिडिओ काही कामाचा नाही. त्यापेक्षा एक काल्पनिक प्रोजेक्ट द्या, त्याचं मंजुरीपत्र, बँकेचं स्टेटमेंट, बिलं, प्रवासाचे कागद, आणि त्यात मुद्दाम काही चुका लपवून ठेवा, एखादं बिल प्रोजेक्ट संपल्यानंतरच्या तारखेचं, एखादा खर्च दुसऱ्याच हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या चुकीच्या सदरात. शिकणाऱ्याने त्यावरून 12-ए भरायचा आणि चुकला तर तिथल्या तिथे समजलं पाहिजे की कुठं चुकलं आणि का. असा एक सराव माणसाने स्वतःच्या हाताने केला तर पुढच्या मार्चमध्ये तो घाबरणार नाही.

आणखी एक. संशोधक आणि ऑफिस यांना सरसकट एकच कोर्स देऊ नका, सरांना बजेट लिहिता आलं पाहिजे आणि अकाउंटवाल्याला ते नियमात खर्च करता आलं पाहिजे, दोघांची कामं वेगळी आहेत. पण एखादा धडा दोघांना सोबत बसून करायला लावा, कारण मी पाहिलेली अर्धी भांडणं अशीच सुरू झाली की सरांनी ऑफिसला न विचारता बजेट लिहिलं आणि ऑफिसने प्रपोजल न वाचता पैसा लावला.

व्हिडिओच्या लांबीबद्दल तर अभ्यासच झालेला आहे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर व्हिडिओ पाहण्याच्या 69 लाख नोंदी तपासून 2014 मध्ये संशोधकांनी दाखवलं होतं की व्हिडिओ कितीही लांब असो, पाहणारा साधारण सहा मिनिटांच्या पुढे फारसा टिकत नाही. आणि एमआयटी-हार्वर्डच्या मोफत कोर्समध्येसुद्धा 2017-18 साली नाव नोंदवलेल्यांपैकी 3.13 टक्केच लोकांनी कोर्स पूर्ण केला होता. तिकडे ही गत, तर आमच्याकडे दुपारी लाईन जाते, ब्रॉडबँड बंद पडते, मोबाइलला टॉवर पाहिजे तर गच्चीवर जा लागते, तिथे तासाचा व्हिडिओ कोण पूर्ण पाहील? लहान लहान तुकडे करा, सोबत मजकूर द्या, आवाजाची फाइल वेगळी द्या म्हणजे बसमध्ये ऐकता येते, आणि सगळं डाउनलोड होऊ द्या. ऑनलाइन कोर्स चालवायच्या मूडल या सॉफ्टवेअरच्या मोबाइल ॲपमध्ये ही सोय आधीपासून आहे, त्यामुळे होत नाही असं म्हणायला जागा नाही.

पण सगळ्यात जास्त मला ज्याची कमी वाटते ते म्हणजे विचारायला माणूस. आपल्या महाराष्ट्रात हे आधी होऊन गेलेलं आहे हे लोक विसरून राहिले. एमएस-सीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा गावोगावी का पोहोचली, तर तालुक्यातालुक्यात सेंटर होतं, मराठीत धडे होते आणि अडलं की बाजूला उभं राहून दाखवणारा पोरगा नाहीतर पोरगी होती. नाशिकच्या मुक्त विद्यापीठानेही 1989 पासून अभ्यासकेंद्र आणि स्वतः वाचून समजेल अशी मराठी पुस्तकं यांच्या जोरावर किती घरात पहिला पदवीधर घडवला. स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या रचनेतही व्हिडिओ, वाचनसाहित्य आणि परीक्षा यांच्यासोबत चौथा भाग चर्चेचा ठेवलाय, विचार बरोबर आहे, पण चर्चा काही आपोआप होत नाही, त्यासाठी माणूस नेमा लागते आणि त्या माणसाला वेळ आणि मानधन द्या लागते. कोर्सच्या बजेटमध्ये स्टुडिओ आणि कॅमेऱ्यासाठी पैसा असते तर या माणसासाठी का नसावा? जिल्ह्याला एक जाणता माणूस ठेवा, आठवड्यातून एक ठरलेली वेळ, फोनवर आला तरी चालते.

आणि कोर्स एकदा टाकला म्हणजे झालं असं नाही. यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये केअर लिस्ट, म्हणजे मान्य रिसर्च जर्नल्सची यादी, बंद केली, तरी त्याआधी बनलेला कोर्स आजही पोरांना हीच लिस्ट पाहा म्हणून सांगत असेल तर ते पोरांचं नुकसान आहे. प्रत्येक धड्यावर तो शेवटचा कधी तपासला ती तारीख पाहिजे आणि तपासणाऱ्याची जबाबदारी ठरलेली पाहिजे.

काही जण म्हणतात सक्ती करा म्हणजे सगळे शिकतील. यूजीसीने डिसेंबर 2019 मध्ये पीएचडीसाठी संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा 2 क्रेडिटचा, 30 तासांचा कोर्स बंधनकारक केला ते योग्यच झालं, त्यात प्रत्यक्ष सरावाचा भागही आहे. पण ऑनलाइन कोर्सला नुसती सक्ती लावली तर लोक नेक्स्ट-नेक्स्ट दाबून सर्टिफिकेट काढतात आणि प्रमोशनच्या फाइलला लावतात, हे मी रोज पाहतो. वेळापत्रकही इथलं पाहून करा, कृषी विज्ञान केंद्रातल्या लोकांना मृगाच्या तोंडावर आणि कॉलेजवाल्यांना परीक्षेच्या दिवसांत शेवटची तारीख देऊ नका.

अमरावती आणि गोंडवाना या आपल्या दोन्ही विद्यापीठांनी आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिळून असा एक कोर्स मराठीत करावा अशी माझी मनापासून विनंती आहे. व्हिडिओ शूट करायच्या आधी पहिला कच्चा मसुदा दोन-चार तालुक्यांतल्या कॉलेजांत आणा, आमच्या अकाउंटवाल्या भाऊंना आणि नवीन लागलेल्या मॅडमना करून पाहू द्या, ते कुठं अडतात ते बाजूला बसून लिहून घ्या. सरावासाठी जुन्या प्रोजेक्टच्या फाइली, नावं झाकून, द्यायला आम्ही तयार आहोत, प्राचार्यांची परवानगी मी स्वतः घेईन.

आपला,
एक ग्रंथपाल
ता. आर्णी, जि. यवतमाळ