विंचू मारता येतो, मग फोन का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला रमजान आणि 'डिजिटल उपवास' हा लेख वाचला. हेतू चांगला, चित्रही छान. पण मोबाइलचा नाद सुटावा म्हणून लेखकाने 5 अ‍ॅप सुचवली आहेत: अजानचं, किब्ल्याचं (नमाजेच्या दिशेचं), तसबीहचं (जप मोजण्याचं), कुरआनचं आणि बाकीची चार किती वेळ उघडली ते मोजणारं. दारू सोडायला निघालेल्याला गुत्त्याशेजारी खोली बघून दिल्यासारखं झालं हे.

ते एक वेळ सोडा. चीड आली ती चौकटीतल्या वाक्याची: 'नमाजेत फोन वाजल्यास वाजू द्यावा, हात लावल्यास नमाज तुटते.' हे कोणी सांगितलं? याच गैरसमजापायी जुम्याच्या (शुक्रवारच्या) जमाअतीत, म्हणजे सामूहिक नमाजेत, शेकडो माणसं हात बांधून कुणाची तरी रिंगटोन शेवटपर्यंत ऐकत उभी राहतात. ज्याचा फोन तो पुतळ्यासारखा, कान लाल. एकदाचा आवाज थांबतो, तर पलीकडचा चिकाटीचा, लगेच पुन्हा लावतो. सलाम फिरेपर्यंत, म्हणजे नमाज संपेपर्यंत, सगळ्या सफांची (रांगांची) खुशू, म्हणजे नमाजेत लागलेलं मन, गेलेलं असतं. आणि बाहेर चपला शोधताना सगळे त्याच्यावरच तुटून पडतात.

नियम असा आहे. हनफी मसलकात (धर्मनियमांच्या एका परंपरेत) नमाज तुटते ती 'अमले कसीर'ने, म्हणजे लांबून बघणाऱ्याला हा माणूस नमाजेत नाहीच असं वाटावं एवढ्या हालचालीने. शाफई मसलकात, म्हणजे आपल्या कोकणातल्या मुसलमानांत, लागोपाठ तीन मोठ्या हालचालींची मर्यादा धरतात. एका हाताने, खिशावरूनच, आवाजाचं बटण एकदा दाबणं यातल्या कशातच बसत नाही. तेवढ्याने वाजती रिंग थांबते, कॉल कापावासुद्धा लागत नाही. फोन बाहेर काढायचा, नाव वाचायचं, दोन्ही हातांनी खटपट करायची, इथे गडबड होते. आणि एका हाताने तो गप्प होतच नसेल, तर नमाज तोडून तो बंद करायची आणि पुन्हा जमाअतीत सामील व्हायची मुभा अनेक उलमांनी (धर्मपंडितांनी) दिली आहे, कारण प्रश्न एकट्याच्या नमाजेचा नसतो. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज अदा केली, सजद्याला (कपाळ जमिनीला टेकायला) जाताना तिला खाली ठेवायचे, उठताना परत घ्यायचे. नमाजेत साप-विंचू मारायचीही परवानगी हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदींत, आहे. विंचू मारता येतो आणि खिशातला फोन गप्प करता येत नाही?

मुळात तो वाजतो कशाने? एक तर सायलेंटवर टाकलेल्या फोनचाही गजर वाजतोच, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. दुसरं, व्हायब्रेट म्हणजे शांत नव्हे. मुसल्ल्यापुढे (नमाजेच्या चटईपुढे) फरशीवर ठेवलेला फोन सजद्यात थेट कपाळाजवळ घुरघुरतो. नक्षीदार चादरीकडे नमाजेत नजर गेली म्हणून पैगंबरसाहेबांनी ती परत पाठवून साधी मागवली. आपण नक्षीच्या जागी उजळणारी काच मांडून बसतो. कुर्त्याच्या वरच्या खिशातला फोन सजद्यात घरंगळतो, म्हणून बाजूचा खिसा बरा. आणि बंद करायचा तो वजूला (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुवायला) बसण्याआधी. वजूनंतर ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, माणूस ती पुसपुसून घासतो, तेवढ्यात एखादा मेसेज दिसतो आणि पहिली रकात (नमाजेचं पहिलं आवर्तन) हुकते.

खुतब्याचं, म्हणजे जुम्याच्या प्रवचनाचं, तर बोलायलाच नको. इमाम खुतबा देत असताना शेजाऱ्याला 'गप्प बस' म्हणणंही 'लग्व', म्हणजे फालतूपणा, ठरवलं आहे. पैगंबरसाहेबांच्या काळी मशिदीत जमिनीवर खडे असत. त्या खड्यांशी चाळा करणंही लग्वच. अंगठा फिरवत बसणाऱ्यांनी याचा अर्थ आपला आपण लावावा. लेखकाने सूरह जुमुआची 9वी आयत दिली आहे (पुकार झाली की खरेदी-विक्री सोडून या), मग 11वी का गाळली? तिच्यामागचा प्रसंग असा: खुतबा चालू असताना मदिनेत धान्याचा काफिला आला आणि लोक पैगंबरसाहेबांना उभं सोडून तिकडे धावले. मागे उरले 12 जण. नोटिफिकेशनवर याहून नेमकं काही माझ्या तरी वाचनात नाही. मधली 10वी आयत सांगते की नमाज झाली की पांगा, रोजी शोधा. म्हणजे फोन विहिरीत टाका असं कुणीच म्हणत नाही. ठरल्या वेळी सोडायचा, ठरल्या वेळी हातात घ्यायचा, आणि हे दिवसातून 5 वेळा.

आता ते तसबीहचं अ‍ॅप. फर्ज (बंधनकारक) नमाजेनंतर 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम. बोटावर तीन पेरं धरली तर दहा बोटांचे 30 आणि वर पुन्हा एका बोटाचे 3, झाले 33. बोटांवर मोजा असं हदीसमध्येच आहे. मोजायला फोन काढला की चौथ्या-पाचव्या सुब्हानल्लाहला मिस्ड कॉल दिसतो आणि तसबीह तिथेच राहते. कुरआनचंही तेच, आयतीवर वरून मेसेजची पट्टी उतरते. छापील मुसहफला (कुरआनच्या प्रतीला) वजूशिवाय हात लावत नाहीत. हीच अट लक्ष बांधून ठेवते. 15 ओळींच्या मुसहफात पारा (कुरआनच्या 30 भागांपैकी एक) साधारण 20 पानांचा असतो. प्रत्येक नमाजेनंतर 4 पानं धरली तर रोज एक पारा, 30 दिवसांत खत्म, म्हणजे कुरआन पूर्ण. एरवी एकच पान वाचा, पण रोज.

रात्रीचा मुद्दा लेखात एका ओळीत उरकलाय, आणि खरी गळती तिथेच आहे. इशाआधी (रात्रीच्या नमाजेआधी) झोपणं आणि इशानंतर गप्पा मारणं पैगंबरसाहेबांना नापसंत होतं. आपण इशानंतरच रील सुरू करतो. फोन उशाशी का, तर म्हणे फजरच्या (पहाटेच्या नमाजेच्या) गजरासाठी! पहाटे गजर बंद करताना रात्रीचे मेसेज उघडतात आणि सूर्य उगवेस्तोवर माणूस अंथरुणातच. चावीचं गजराचं घड्याळ आणा, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. एतिकाफला, म्हणजे रमजानच्या शेवटच्या दिवसांत मशिदीतच मुक्काम करण्याला, '10 दिवसांचा डिटॉक्स' म्हटलंय, त्यावर हसावं की रडावं? 20व्या रोज्याला मगरिबआधी (सूर्यास्ताच्या नमाजेआधी) लोक गादीबरोबर चार्जर घेऊन मशिदीत शिरतात आणि एक्स्टेन्शन बोर्डावरून भांडणं होतात.

जाता जाता तुमच्याविषयीही. सहरी-इफ्तारच्या (रोजा धरण्या-सोडण्याच्या) वेळा तुम्ही सगळ्या आवृत्त्यांत मुंबईच्याच छापता. एका रेखांशाला 4 मिनिटं, या हिशेबाने सोलापूर मुंबईच्या सुमारे 12 मिनिटं पुढे, नागपूर 25. इफ्तारला उशीर झाला तर नुसती भूक वाढते, पण मुंबईची वेळ बघून सोलापुरात सहरी केली तर शेवटचा घास फजर लागल्यावर पोटात जातो, म्हणजे रोजाच गेला. मग लोक नाइलाजाने अ‍ॅप उघडतात. त्यात फजरचा कोन (सूर्य क्षितिजाखाली किती असताना फजर धरायची तो) 15 अंशांचा निवडलेला असला (आपल्याकडे 18 धरतात, कराचीची पद्धत निवडावी), तर तिथेही 12-13 मिनिटांचा घोळ. गावाच्या जागी मुंबई राहिली असेल तर मशिदीत मगरिबची सुन्नत (फर्जनंतरची जादा नमाज) चालू असताना खिशातून दुसरी अजान सुरू होते!

तेव्हा वेळा जिल्हावार छापा. आणि जमलं तर 'नमाज पठण' हा शब्दही बदला. नमाज अदा करतात, पठण पाढ्यांचं होतं.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर